जर्मनीत नोकरीसाठी जायचंय? वर्क व्हिसाचे मार्ग आणि कागदपत्रांचा क्रम

जर्मनीचा कुठला वर्क व्हिसा मिळेल, हे तुमच्या हातातल्या प्रमाणपत्रावरून ठरतं. बी.ई. झालेली मुलगी, आयटीआयमधून फिटर झालेला मुलगा, जीएनएम केलेली नर्स आणि पदवी नसलेला पण सात वर्षं कोडिंग केलेला प्रोग्रॅमर या चौघांचे मार्ग पूर्ण वेगळे आहेत. एजंटच्या ऑफिसात मात्र चौघांनाही एकच 'पॅकेज' सांगितलं जातं, आणि पैसे वाया जातात ते तिथेच.

जुन्या माहितीपासूनही सावध राहा. कुशल कामगारांसाठीचा कायदा मार्च २०२० मध्ये लागू झाला. पुढे नोव्हेंबर २०२३, मार्च २०२४ आणि जून २०२४ अशा तीन टप्प्यांत तो बराच सैल झाला. त्याआधीच्या व्हिडिओंमधल्या कितीतरी अटी आता राहिलेल्या नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करारही केला. तरी कराराने कुणाच्या अटी माफ होत नाहीत. सरकारी योजनेतून जा किंवा स्वतःच्या बळावर, प्रमाणपत्राची पडताळणी, भाषा आणि नोकरीचा करार यांतल्या तुमच्या मार्गाला लागू असलेल्या अटी पूर्ण कराव्याच लागतात.

पहिलं काम: पदवी आनाबिनवर तपासा

आनाबिन हा जर्मन सरकारचा मोफत डेटाबेस आहे. जगभरातल्या विद्यापीठांचा आणि पदव्यांचा जर्मन दर्जा त्यात नोंदवलेला असतो. साइट जर्मन भाषेत आहे, पण ब्राउझरच्या भाषांतरावर काम भागतं. दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या.

आधी संस्था. इथे कॉलेजचं नाव टाकून उपयोग नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव हवं. कोल्हापूरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी शिवाजी विद्यापीठाची असेल, तर शिवाजी विद्यापीठ शोधायचं. नाव सापडलं नाही तर जुन्या नावाने शोधून पाहा. पुणे, औरंगाबाद आणि सोलापूर या विद्यापीठांची नावं बदललेली असल्यामुळे इथे अनेकांचा घोळ होतो. संस्थेपुढे एच प्लस, म्हणजे संस्था मान्य, असा शेरा असेल तर उत्तम. एच प्लस-मायनस असेल तर त्या संस्थेच्या काही पदव्या मान्य आहेत आणि काही नाहीत, म्हणून तुमची पदवी स्वतंत्रपणे तपासून घ्यावी लागेल.

मग पदवी. तिथे जर्मन पदवीशी तुलना दिलेली असते. 'एंटश्प्रिश्ट' (जुळते) किंवा 'ग्लाइशवेर्टिग' (समकक्ष) हे दोन शेरे चांगले. 'बेडिंग्ट फेर्ग्लाइशबार' म्हणजे तुलना अंशतःच होते, आणि तेवढ्यावर ब्ल्यू कार्ड, म्हणजे पदवीधरांसाठीचा वर्क व्हिसा, मिळत नाही.

संस्था एच प्लस आणि पदवीचा शेरा चांगला असेल, तर दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेवा, अर्जात ती लागते. यातलं एक जरी नसेल, तर झेडएबी या बॉन इथल्या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचं तुलनापत्र मागवायचं. अर्ज ऑनलाइन होतो आणि शुल्क २०८ युरो आहे. कागदपत्रं पूर्ण असतील तर उत्तर यायला साधारण तीन महिने धरा. ब्ल्यू कार्डसाठी नोकरीचा करार हातात असेल तर काम बरंच लवकर होतं. उशीर होतो तो अपुऱ्या अर्जांमुळे. प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका आणि दीक्षान्त समारंभातलं मूळ पदवी प्रमाणपत्र दोन्ही लागतात. अनेकांनी पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून उचललेलंच नसतं, प्रोव्हिजनलवरच नोकरीची पाच वर्षं निघून जातात. ते प्रमाणपत्र आजच मागवा. सगळ्या प्रक्रियेत तुमच्या हातात नसलेला वेळ याच्याइतका कुठेच जात नाही.

ब्ल्यू कार्ड: पगाराचा आकडा आणि त्यामागचं गणित

मान्य पदवी आणि तिला साजेशी नोकरी असेल, तर ईयू ब्ल्यू कार्ड हा सर्वांत चांगला मार्ग आहे. करार किमान सहा महिन्यांचा हवा आणि पगार ठरलेल्या सीमेच्या वर हवा. ही सीमा जर्मन पेन्शन विम्याच्या वर्गणी-मर्यादेच्या ५० टक्के असते, म्हणून दर जानेवारीत बदलते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, २०२६ साठी ५०,७०० युरो आहे, म्हणजे महिना ४,२२५ युरो ढोबळ (कर आणि विमा कापण्याआधीचा) पगार.

ज्या क्षेत्रांत माणसं कमी आहेत तिथे सीमा ४५.३ टक्के आहे, २०२६ मध्ये ४५,९३४.२० युरो. इंजिनिअर, आयटी, गणित-विज्ञानातली पदं, डॉक्टर, नर्सिंग, शिक्षक, उत्पादन आणि बांधकामातले व्यवस्थापक यात येतात. पदवी मिळून तीन वर्षं झालेली नसतील, तर क्षेत्र कुठलंही असो, हीच कमी सीमा लागू होते. कमी सीमेवर अर्ज केला की जर्मनीची रोजगार संस्था, म्हणजे बुंडेसआगेंटुर, पगार आणि कामाच्या अटी स्थानिक कामगारांच्या बरोबरीच्या आहेत का हे तपासते. नेहमीच्या सीमेच्या वर हा टप्पा नाही.

करार वाचताना इथे लक्ष द्या: सीमेत फक्त हमखास मिळणारा पगार धरला जातो. 'कामगिरीनुसार १० टक्क्यांपर्यंत बोनस' मोजत नाहीत. मूळ पगार ४४ हजार आणि बोनस ३ हजार असा करार असेल तर ब्ल्यू कार्डसाठी तुमचा पगार ४४ हजारच. कंपनीच्या एचआरला हे माहीत असेलच असं धरू नका, विशेषतः छोट्या कंपन्यांत. करारावर सही करण्याआधी बोनसचा काही भाग मूळ पगारात घालून मागा. आणि वर्षाच्या शेवटी करार करत असाल, तर पुढच्या जानेवारीची वाढ लक्षात घेऊन सीमेच्या किमान हजारभर युरो वर राहा. काठावरच्या पगाराने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केलेले अर्ज विनाकारण अडकतात.

पगार कमी पडला, पदवी नसली किंवा वय जास्त असलं तर

मान्य पदवी आहे पण पगार ब्ल्यू कार्डाइतका नाही, त्यांच्यासाठी जर्मन निवास कायद्याचं कलम १८बी आहे. मान्य व्यावसायिक प्रशिक्षण असलेल्यांसाठी १८ए. दोन्हींत ठरावीक पगारसीमा नाही, मात्र पगार स्थानिकांच्या बरोबरीचा आहे हे रोजगार संस्थेला पटावं लागतं. इथे नोकरी पदवीच्याच विषयातली हवी ही जुनी अट आता राहिलेली नाही. परवाना लागणारे पेशे वगळता कुठलंही कुशल काम चालतं.

वयाची ४५ वर्षं पूर्ण झाल्यावर पहिल्यांदाच १८ए किंवा १८बीवर जात असाल, तर २०२६ मध्ये किमान ५५,७७० युरो पगार लागतो, नाहीतर म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. ब्ल्यू कार्डाला ही वयाची अट नाही. म्हणजे ४७ वर्षांच्या इंजिनिअरला ५१ हजारांची ऑफर असेल, तर १८बीवर अडचण येईल आणि ब्ल्यू कार्डवर येणार नाही. अशा वेळी अर्जात योग्य कलम लिहिणं हाच काय तो फरक.

आयटीवाल्यांना पदवीशिवायही दार उघडं आहे. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा आयटी अनुभव असेल आणि पगार ब्ल्यू कार्डच्या कमी सीमेवर असेल, तर थेट ब्ल्यू कार्ड मिळू शकतं. दुसरा मार्ग कलम १९सी परिच्छेद २ चा: गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव आणि २०२६ मध्ये किमान ४५,६३० युरो पगार. हा दुसरा मार्ग आयटीबाहेरच्यांनाही खुला आहे. त्यांना मात्र भारत सरकारने मान्य केलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा पदवी लागते. जर्मन मान्यता मिळवण्याची गरज पडत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

आयटीआयवाल्यांसाठी

इथे पहिला प्रश्न ट्रेडच्या कालावधीचा. फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा. जर्मन नियमांत 'किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण' हे शब्द वारंवार येतात, त्यामुळे एक वर्षाचा ट्रेड एकटा पुरत नाही.

दोन वर्षांचा ट्रेड असेल तर मान्यतेसाठी अर्ज करा. औद्योगिक आणि व्यापारी ट्रेडची मान्यता न्युर्नबर्गची आयएचके फोसा ही संस्था बघते, कारागिरीचे ट्रेड त्या त्या भागातली हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांची संस्था, बघते. तुमचा ट्रेड कुणाकडे जातो हे सरकारी मान्यता पोर्टलवर व्यवसायाचं नाव टाकून कळतं.

निकाल तीन प्रकारचे असतात: पूर्ण समान, अंशतः समान, असमान. आयटीआयच्या प्रमाणपत्राला 'अंशतः' येणं नेहमीचं आहे, त्याने खचू नका. जर्मन प्रशिक्षण तीन ते साडेतीन वर्षांचं असतं आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष कारखान्यात जातो. तपासणारा अधिकारी तुमच्या कागदांत तेवढे तास शोधतो. म्हणून नुसतं प्रमाणपत्र पाठवू नका. त्यासोबत:

- सगळ्या गुणपत्रिका.
- तुमच्या वर्षी लागू असलेला ट्रेडचा अभ्यासक्रम. डीजीटीचे (केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचे) अभ्यासक्रम भारत स्किल्स पोर्टलवर मिळतात, थिअरी आणि वर्कशॉपच्या तासांसकट.
- अप्रेंटिसशिप केली असेल तर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. हा कागद फार मोलाचा, कारण कारखान्यातलं काम तोच सिद्ध करतो.
- नोकरीच्या ठिकाणचं सविस्तर अनुभवपत्र: कुठल्या मशिनवर काम केलं, कुठलं नियंत्रण, ड्रॉइंग वाचणं, मोजमाप, देखभाल.

चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्यात चार वर्षं सीएनसीवर काम केलेल्या माणसाच्या अनुभवपत्रात बहुधा एकच ओळ असते, 'ऑपरेटर म्हणून काम केले, वर्तन चांगले.' या कागदाचा जर्मनीत काही उपयोग होत नाही. मशिनचा प्रकार, कंट्रोलर, सेटिंग स्वतः करत होता की फक्त लोडिंग, टॉलरन्स किती, मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरत होता का, हे सगळं त्या पत्रात हवं. मजकूर तुम्ही स्वतः तयार करून एचआरकडे न्या आणि लेटरहेडवर सही-शिक्का घ्या. सगळं खरंखुरं लिहा. पुढे इंटरव्ह्यूत आणि कौशल्य तपासणीत यातलाच प्रत्येक शब्द विचारतात.

अंशतः मान्यता मिळाली तर उरलेला भाग जर्मनीत जाऊन पूर्ण करण्यासाठी कलम १६डीचा व्हिसा आहे. मार्च २०२४ पासून त्यात आणखी सोयीचा पर्याय आला, मान्यता भागीदारी. यात नोकरीचा करार, ए२ पातळीची जर्मन (भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत जातात) आणि दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण असलं की आधी जर्मनीत जाता येतं, काम सुरू करता येतं आणि मान्यतेची प्रक्रिया तिथे गेल्यावर मालकाच्या साथीने पूर्ण करता येते. मुक्काम जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत. तयार असा मालक शोधणं हेच यातलं अवघड काम.

नर्सिंग

नर्सिंगचा पेशा जर्मनीत परवान्याखाली येतो, म्हणून मान्यतेशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग दोन्ही चालतात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा. विषयवार तासांचा ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून घ्या, त्यात वॉर्डवार क्लिनिकल तास यायलाच हवेत.

अर्ज ज्या राज्यात नोकरी, त्या राज्याच्या कार्यालयाकडे जातो. तिथून बहुतेकांना कमतरतेचं पत्र येतं: कुठले विषय आणि किती तास कमी आहेत. मग दोन पर्याय असतात, ठरावीक महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम किंवा ज्ञानपरीक्षा. पूर्ण परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी बी२ जर्मन लागते. तोवर सहायक म्हणून काम आणि सहायकाचाच पगार. करारात हे दोन्ही पगार वेगवेगळे लिहून मागा, आणि परवाना मिळाल्यावर कुठल्या तारखेपासून वाढ होणार तेही लिहून घ्या.

भाषेच्या खर्चात फसू नका. नर्सिंगमध्ये भाषेचा, मान्यतेचा आणि प्रवासाचा खर्च मालकाने करायचा ही जर्मनीत रुळलेली पद्धत आहे, आणि न्याय्य भरतीसाठी सरकारी मानचिन्ह घेतलेल्या संस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. 'दोन वर्षांआधी नोकरी सोडली तर अमुक इतके युरो परत' असं कलम करारात असेल, तर ती रक्कम दर महिन्याला कमी होत जाते का ते पाहा.

ऑपॉर्च्युनिटी कार्ड: नोकरी नसताना जायचं असेल तर

१ जून २०२४ पासून सुरू झालेलं हे कार्ड, जर्मनीत शान्सेनकार्टे, एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधू देतं. आठवड्याला २० तासांपर्यंत जोडकाम आणि दोन आठवड्यांपर्यंत चाचणी काम करता येतं.

ज्यांची पदवी पूर्ण मान्य आहे, त्यांना गुण मोजावेच लागत नाहीत. पुण्या-मुंबईचे कितीतरी इंजिनिअर उगाच गुणांची बेरीज करत बसतात. बाकीच्यांना दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण किंवा पदवी, शिवाय जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, एवढा पाया आणि वर सहा गुण लागतात. अंशतः मान्यता ४. जर्मन ए२ ला १, बी१ ला २, बी२ ला ३. इंग्रजी सी१ ला १. आपल्या क्षेत्रातला पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव २, सात वर्षांत पाच वर्षांचा ३. वय ३५ पर्यंत २, त्यापुढे ४० पर्यंत १. टंचाईच्या व्यवसायाला १. गेल्या पाच वर्षांत जर्मनीत सहा महिने सलग राहिलेले असाल तर १. जोडीदारही पात्र असून बरोबर अर्ज करत असेल तर १.

खर्चाची तरतूद दाखवावी लागते, २०२५ च्या दराने महिना १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२ युरो, बहुधा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये. हा पैसा तुमचाच असतो आणि दर महिन्याला हप्त्याने मिळतो, पण वर्ष संपेपर्यंत नोकरी मिळाली नाही तर तो खर्च झालेला असतो. म्हणून आमचं स्पष्ट मत: बी१ पातळीची जर्मन आल्याशिवाय, किंवा इंग्रजीत चालणाऱ्या आयटीचा भक्कम अनुभव असल्याशिवाय, कर्ज काढून हे कार्ड घेऊ नका. भारतात बसून शंभर अर्ज करून पाहा, इंटरव्ह्यूची बोलावणी येतात का ते बघा. तिथे जाऊन नशीब पालटेल ही आशा महागात पडते.

भाषा: किती आणि कुठे

ब्ल्यू कार्डला जर्मनची कायदेशीर अट नाही. नोकरीला मात्र बहुतेक ठिकाणी आहे, आणि कारखाना किंवा रुग्णालय असेल तर नक्कीच. गटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने बी१ पर्यंत ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास, बी२ पर्यंत ६०० ते ८०० तास लागतात. 'तीन महिन्यांत बी२' म्हणणाऱ्या क्लासचं गणित या आकड्यांवर करून पाहा. मुंबई आणि पुण्यात गटे इन्स्टिट्यूट, म्हणजे मॅक्सम्युलर भवन, परीक्षा घेतं. बी१ आणि बी२ चे चारही भाग, वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण, वेगवेगळे देता येतात. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. एका भागात नापास झालात तर फक्त तोच पुन्हा द्यायचा. परीक्षेच्या जागा नोंदणी सुरू झाल्यावर भराभर संपतात, म्हणून तारीख आधी पकडा आणि अभ्यास तिच्याकडे बघून आखा.

कागदांवरचं नाव

महाराष्ट्रातल्या अर्जांत ही अडचण सगळ्यांत जास्त दिसते. गुणपत्रिकेवर नाव 'पाटील स्नेहा रमेश' असं आडनाव पुढे, खाली आईचं नाव. पासपोर्टवर नाव 'स्नेहा रमेश', आडनाव 'पाटील'. लग्नानंतर आधारवर 'स्नेहा अमित देशमुख', पदवीवर अजून माहेरचं नाव. जर्मन अधिकाऱ्याला हे तीन वेगळ्या माणसांचे कागद वाटू शकतात. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं हे त्याला ठाऊक नसतं.

यावर उपाय म्हणजे पासपोर्ट हाच आधार धरणं. नोकरीचा करार, विमा, अर्ज, तिकीट, सगळं अक्षरशः पासपोर्टप्रमाणे करा, मधल्या नावासकट. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज करण्याआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, कारण जर्मनीतल्या प्रत्येक नोंदणीत तो रकाना भरावाच लागतो. इंग्रजी कागद साधारणपणे चालतात. फक्त मराठीत असलेल्या दाखल्यांना भाषांतर लागतं.

आणि अपोस्टिलवर, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्यावर, पैसे घालवू नका. भारताच्या अपोस्टिल करारातल्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला असल्यामुळे भारतीय अपोस्टिल जर्मनीत लागू होत नाही. जर्मन कार्यालयाला एखाद्या दाखल्याची शंका आली, तर ते स्वतः भारतातल्या दूतावासामार्फत पडताळणी करून घेतं. एजंट 'एचआरडी आणि अपोस्टिल' म्हणून जे हजारो रुपये घेतात, ते जर्मन वर्क व्हिसासाठी निरुपयोगी आहेत.

अर्ज: क्रमाने

१. कंपनीकडून सही झालेला करार आणि रोजगाराविषयीचं घोषणापत्र घ्या. हा जर्मन सरकारचा ठरलेला नमुना आहे आणि तो मालकाने भरायचा असतो. कामाचं वर्णन, आठवड्याचे तास, ढोबळ पगार, सुट्ट्या हे सगळं कराराशी जुळायला हवं. करारात ४० तास आणि घोषणापत्रात ३८.५ तास एवढ्यानेही फाइल थांबते.

२. जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर खातं उघडून अर्ज भरा. जानेवारी २०२५ पासून वर्क व्हिसाचे अर्ज ऑनलाइन स्वीकारले जातात. कागद स्वच्छ स्कॅन करा, मोबाइलने तिरका काढलेला फोटो नको. आनाबिनच्या प्रिंट किंवा झेडएबीचं पत्र, पदवी, गुणपत्रिका, बायोडेटा, अनुभवपत्रं एकेका पीडीएफमध्ये, ओळखता येतील अशी नावं देऊन.

३. कागद अपुरे असतील तर पोर्टलवरच निरोप येतो. रोज तपासत राहा.

४. महाराष्ट्र आणि गोव्यात राहणाऱ्यांचे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातात. बेंगळुरूत नोकरी आणि घर असेल तर तिथल्या दूतावासाकडे. भेटीच्या दिवशी मूळ कागद, प्रती, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो आणि ७५ युरोइतकं शुल्क रुपयांत. बोटांचे ठसे तिथेच घेतात.

५. आरोग्य विमा जर्मनीत पोहोचल्यापासून नोकरी सुरू होईपर्यंत हवा. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तिथला विमा लागू होतो, पण २२ तारखेला उतरून १ तारखेला रुजू होणाऱ्याला मधल्या दिवसांचा विमा लागतोच.

मालकाला घाई असेल तर त्याने तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रिया सुरू करावी. शुल्क ४११ युरो, अर्ज मालकच करतो, तुम्ही फक्त अधिकारपत्र द्यायचं. पूर्वसंमती मिळाली की दूतावास तीन आठवड्यांत भेटीची वेळ देतो आणि पूर्ण अर्जावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय घेतो. मान्यता बाकी असलेल्या नर्स आणि आयटीआयवाल्यांना याचा खरा फायदा होतो, कारण ते कामही त्याच कार्यालयातून पुढे सरकतं.

रुजू होण्याची तारीख ठरवताना भारतातली ९० दिवसांची नोटीस मोजा आणि व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. नकार आला तर जुनी फेरविचाराची सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली आहे. आता त्रुटी दूर करून नवा अर्ज करायचा किंवा एका महिन्यात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची. बहुतेकांसाठी नवा, नीट अर्ज हाच शहाणपणाचा मार्ग.

एजंटकडे जायचंच असेल तर

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला केंद्र सरकारची नोंदणी लागते. ईमायग्रेट पोर्टलवर नाव आणि नोंदणी क्रमांक तपासा, नोंदणी चालू आहे की संपली तेही बघा. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. 'सल्ला शुल्क', 'फाइल चार्ज' अशा नावांनी तीन-चार लाख मागणारा माणूस या मर्यादेबाहेर आहे. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या, मूळ पासपोर्ट कुणाकडे ठेवू नका. जर्मन कंपनीचं ऑफर लेटर आलं की कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या नंबरवर स्वतः फोन करून विचारा.

पोहोचल्यावर

पासपोर्टवरचा व्हिसा हातात पडताच नावाचं स्पेलिंग, तारखा आणि मालकाचं नाव तपासा. पोहोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, आनमेल्डुंग, करायची. त्यासाठी घरमालकाची सही असलेला ठरावीक फॉर्म लागतो. तो देणार नाही म्हणणारं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते. घर न पाहता पैसे पाठवू नका.

टपालपेटीवर तुमचं आडनाव लावा, पहिल्याच दिवशी, कागदाची पट्टी चिकटवून का होईना. कर क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, परदेशी नागरिक कार्यालयाची तारीख, सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, कर क्रमांक कंपनीला देता येत नाही आणि पहिला पगार सर्वांत जास्त कर कापून हातात येतो. व्हिसाची मुदत संपण्याआधी निवास परवान्यासाठी अर्ज करा. मोठ्या शहरांत भेटीच्या तारखा लांबच्या मिळतात, त्यामुळे आल्या आल्या मागून ठेवा.

पगाराचं गणित आधीच करा. एकट्या माणसाला ढोबळ पगाराच्या सुमारे ६० ते ६५ टक्के हातात पडतात. जोडीदार तिथे राहत असेल तर करवर्ग बदलून हातात जास्त येऊ शकतात. ब्ल्यू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन परीक्षा लागत नाही आणि तिथे कुठलीही नोकरी करता येते, म्हणून शक्य असेल तर कुटुंबाचे अर्जही सोबतच लावा.

ब्ल्यू कार्डवर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते ३० दिवसांत हरकत घेऊ शकतात. नव्या करारातला पगारही त्या वर्षीच्या सीमेच्या वर हवा. कायम निवासासाठी ब्ल्यू कार्डवर २७ महिने आणि ए१ जर्मन, किंवा २१ महिने आणि बी१. इतर कुशल कामगारांना तीन वर्षं आणि बी१. या प्रत्येक महिन्याची पेन्शन वर्गणी भरल्याचा पुरावा मागतात. म्हणून पहिल्या पगारपत्रकापासून प्रत्येक पत्रक आणि पेन्शन विम्याचं दरवर्षी येणारं पत्र एका फाइलमध्ये लावत चला.